मिसबाचं न्हाणं

सरकारनं दुकानं उघडायला परवानगी दिली, रिक्षा सोडल्या, बागेत फिरायलासुद्धा मोकळीक दिली. वेणूबाईच्या घरातलं सरकार मात्र दारात खुर्ची टाकून बसलं होतं आणि ते काही ऐकायला तयार नव्हतं.

"जायाचं न्हाई म्हंजी न्हाई," उत्तरेश्वर म्हणाला. एवढं बोलूनच त्याला धाप लागली. त्यानं छातीवर हात ठेवला, श्वास गोळा केला आणि उरलेलं बोलला. "लोकांच्या घरात शिरायचं, लोकांची लेकरं मांडीवर घ्यायची, आन तेच हात घिऊन घरी यायचं. माझा इचार हाय का तुला?"

वेणूबाई ओट्यापाशी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. नवऱ्याचा विचार नसायला काय झालं? एप्रिलात ह्याच दारातून त्याला दोघांनी धरून रुग्णवाहिकेत घातलं होतं. दवाखान्यात पंधरवडाभर नाकाला नळी होती. परत आला तो निम्मा होऊन आला. पूर्वी सोसायटीच्या गेटवर रात्रभर काठी आपटत फिरणारा माणूस, आता मोरीपर्यंत जाऊन आला की खुर्चीत कोसळायचा आणि बोटाला ऑक्सिजन मोजायचं ते चिमट्यासारखं मशीन लावून बघत बसायचा. दिवसातून किती वेळा बघायचा त्याला सुमार नव्हता.

"पोरगं दिसभर लोकांच्या दारात पार्सलं वाटत फिरतंय," ती म्हणाली, "त्येला न्हाई आडवलं ते."

"त्येला इलाज न्हाई. त्येच्या पगारावर घर हाय."

"आन मला हौस हाय, असंच ना?"

वेणूबाईनं भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी फिरवलं आणि मग तिचं तिलाच वाटलं, की होय, हौसच आहे. खोटं कशाला बोला?

तीसेक वर्षं ती विश्रांतवाडीत बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालत होती. भूमकडून पुण्याला आली तेव्हा सासूनं शिकवलेली ही एवढीच विद्या गाठीला होती. सव्वा वर्ष झालं, एकाही लेकराला तिचा हात लागलेला नव्हता. पहिल्या लॉकडाऊनमध्ये सगळी घरं बंद झाली ती बंदच. कणीक मळताना, कपडे पिळताना तिचे हात मधेच थांबायचे, आणि आपण काहीतरी विसरतोय असं तिला वाटायचं.

आणि आज सकाळी खातूनभाभींचा फोन आला होता. भाभींची सून सुहाना बाळंत झाली होती. मुलगी झाली, महिना उलटला, तरी पोरीच्या अंगाला जाणत्या हाताचं तेल लागलेलं नव्हतं. सुहानाची आई जिल्हाबंदीत नगरला अडकली ती तिकडेच आजारी पडली होती. "पोरगी रात्रंदिवस रडते," भाभी म्हणाल्या. "आम्ही नुसतं ओल्या फडक्यानं पुसून घेतो. आता सगळं उघडलंय, तुम्ही येता का? नाही म्हणालात तरी राग नाही."

हे शेवटचं वाक्य वेणूबाईच्या जिव्हारी लागलं. खातूनभाभी असं अदबीनं विचारणाऱ्या बाई नव्हत्या. त्यांचा आमीर जन्मला तेव्हा त्यांनी "उद्यापासून या" असा सरळ हुकूम सोडला होता. पण एप्रिलात त्यांचे यजमान, शाळांचे गणवेश शिवणारे अय्युबभाई, ह्याच आजारानं गेले. घरच्यांना तोंडसुद्धा नीट बघायला मिळालं नाही. त्यानंतर भाभींचा आवाजच बदलला होता.

"ज्या घरात माणूस गेलं, त्या घरानं मला बोलवायचं धाडस केलं," वेणूबाई म्हणाली, "आन मी न्हाई म्हनू?"

"त्यांचं गेलं म्हूनच म्हनतोय," उत्तरेश्वर म्हणाला. "माझं वाचलंय. पुन्ना कशाला बघाया जायाचं?"

तो घाबरलेला होता आणि त्याचं घाबरणं चुकीचं नव्हतं.

तोडगा काढला तो साईनं. साई म्हणजे त्यांचा मुलगा. त्याचं लग्न ह्या आजारपणात दोनदा पुढं गेलं होतं, त्यामुळे सगळं लवकर सुरळीत व्हावं असं त्याला घरात सगळ्यात जास्त वाटत होतं. "आबा, आईचा लसीचा एक डोस झालाय," तो म्हणाला. "ती जाऊ दे, फक्त सिस्टिम पाहिजे. कामाची साडी वेगळी. आल्यावर बाहेरच्या नळावर अंघोळ, मगच आत. तू खिडकीशी झोप, ती दाराशी झोपेल. काय प्रॉब्लेम आहे?"

उत्तरेश्वरनं बोटाचं मशीन काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. "करा तुमच्या मनाला यील ते," तो म्हणाला. तीस वर्षांच्या संसारात त्याची परवानगी नेहमी ह्याच शब्दांत मिळालेली होती, तेव्हा वेणूबाईनं ती समजून घेतली.

*

भाभींच्या दारात पहिल्या दिवशी आमीरनं तिच्या कपाळासमोर ताप मोजायचं बंदुकीसारखं काहीतरी धरलं. खराडीच्या कंपनीचं काम तो घरूनच करायचा, कानात वायरी लटकत होत्या. "सॉरी मावशी, रोज करावं लागेल," तो म्हणाला. मग हातावर सॅनिटायझर ओतलं, चपला बाहेर, पिशवी बाहेर. ह्याच आमीरला तिनं तंगडी धरून उलटा केला होता. पण ती गप उभी राहिली. आपल्या घरी जाताना तरी दुसरं काय होणार होतं? तिथंही नवरा म्हणणार होता, थांब, आत येऊ नकोस. एकूण दोन घरं आणि दोन्ही दारांत तिनं ताटकळायचं.

सुहाना बाळाला घेऊन बाहेर आली. लेकराचं नाव मिसबा ठेवलं होतं. एवढीशी पोर, तांबडीलाल, मुठी आवळलेल्या आणि अंग लाकडासारखं ताठ. ती रडत होती आणि रडून रडून तिचा आवाज बसला होता. सुहानाचे डोळे खोल गेले होते.

"हिला काही झालंय का मावशी?" तिनं विचारलं. "डॉक्टर म्हणतात सगळं नॉर्मल आहे."

"काय व्हायचं नसतंय. जरा आवघडलीया," वेणूबाई म्हणाली. पण पोर हातात घेताना तिच्या मनात आलंच. आपल्या श्वासात काही असलं तर? तिनं मास्क नाकावर आणखी वर ओढला.

मोरीत पाट मांडला होता. वेणूबाई पाटावर बसली, साडी गुडघ्यांवर खोचली आणि पाय लांब सोडले. मिसबाला नडग्यांवर निजवलं. कोमट तेलाचं पहिलं बोट छातीवर टेकवलं मात्र, आणि तिचे हात आपोआप चालू झाले. खांदे, दंड, कोपरं, मनगटं. उजवा हात डाव्या पायाला भिडवायचा, डावा हात उजव्या पायाला. पोटावरून गोल हात. मग पालथी करून पाठीचा कणा अंगठ्यांनी वरून खाली. पोर ठणाणा करत होती. वेणूबाई मास्कमधूनच तिच्याशी बोलत होती, "आगं आगं आगं, कोन मारलं गं माझ्या बाईला, दाव मला त्येला." सुहाना तांब्यानं पाणी घालत होती. पाण्याचे शिंतोडे उडून मास्क भिजला आणि तोंडाला चिकटला. श्वास घ्यायचा म्हणजे ओल्या फडक्यातून हवा ओढायची. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी तिनं मास्क काढला नाही.

तिसऱ्या तांब्याला मिसबाच्या मुठी उघडल्या. चौथ्याला रडं थांबलं. अंग पुसून, छातीला नि तळपायांना वेखंडाची पूड लावून, ओव्याची धुरी देऊन कपड्यात गुंडाळेपर्यंत पोर गाढ झोपली होती. ती उठली ती दुपार टळून गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी आमीरनं बंदूक धरली, पण चेहरा हसरा होता. "मावशी, काल आम्ही सगळे झोपलो," तो म्हणाला. खातूनभाभी आतल्या खोलीच्या दाराशी बसलेल्या होत्या. हसल्या नाहीत, पण त्यांनी मान हलवली. वेणूबाई निघाली की त्या नेहमी काहीतरी हातात ठेवायच्या, कधी चार अंडी, कधी खिमट करायला मुगाची डाळ. ठेवताना मात्र हात लांब करायच्या आणि बोटाला बोट लागणार नाही हे बघायच्या.

असे आठ-दहा दिवस गेले. वेणूबाई सकाळी जायची, उन्हं वर येता परत यायची, बाहेरच्या नळावर गार पाणी अंगावर घ्यायची, ओलेत्यानं आडोशाला जाऊन लुगडं बदलायची. येणारेजाणारे बघायचे, तिला शरम वाटायची. मग आत आली की उत्तरेश्वर लांबून विचारायचा, "कसं हाय लेकरू?" आणि ती सांगायची. आधी तो नुसता हुं म्हणायचा. पुढं पुढं तो तिची वाटच बघायला लागला.

"आज हसली," ती म्हणाली.

"येवढ्यात कुठली हसतीया? पोटात वायू धरला आसंल."

"तुम्हाला काय कळतंय? हसलीच."

त्यावर दोघं चांगली तासभर भांडली. कितीतरी दिवसांनी असं साधं भांडण झालं होतं, त्यामुळे दोघांनाही बरं वाटलं.

*

गार पाण्याच्या अंघोळीनं वेणूबाईला पडसं झालं. नाक चोंदलं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. एवढ्यानं काय होतंय, असं म्हणून सुंठ उगाळून कपाळाला लावली. मनात मात्र भीती बसली होतीच.

त्याच दिवशी सुहाना म्हणाली, की वेखंड संपलं. "माझ्याकडं घरी हाय डबा भरून," वेणूबाई म्हणाली, "उद्या आणते. दुकानातलं कशाला इकत घ्यायचं?"

सकाळी निघायच्या घाईत तिनं फळीवरून आपला जुना पितळी डबा काढला. कामं बंद पडली तेव्हापासून तिनं तो उघडलेला नव्हता. झाकण पिळलं, चिमूट घेतली आणि सवयीनं नाकाशी नेली.

वास आला नाही.

तिनं पुन्हा हुंगलं. नाही. चिमूट तळहातावर चोळून नाक त्यात खुपसलं. वेखंडाचा उग्र दर्प, जो ह्या डब्याच्या झाकणाशीच डोक्यात जायचा, तो कुठेच नव्हता. तिनं कांदा उचलून हुंगला. काहीतरी आल्यासारखं वाटलं, पण ते खरंच आलं की कांदा बघून मनानंच ठरवलं, ते कळेना. साबण हुंगला. तेच. उत्तरेश्वरला एप्रिलात पहिल्यांदा असंच झालं होतं. फोडणीचा वास येईना म्हणून तो सकाळी तिच्यावर खेकसला होता आणि संध्याकाळी तापानं फणफणला होता.

डबा तसाच उघडा टाकून ती खाली बसली. तिला नवऱ्याची आठवण पहिली झाली नाही, हे तिनं मनाशी कबूल केलं. तिला मिसबाच आठवली. पायांवर पालथी पडलेली, तेलानं चकाकणारी, कालच हसलेली. माझा भिजलेला मास्क. माझा श्वास. देवा, मी काय केलं हे?

उत्तरेश्वर दम खात खात खाली नळावर तोंड धुवायला गेला होता. साई बूट घालत होता. आईचा चेहरा बघून त्याचा एक बूट हातातच राहिला.

"मला वास येईना, साई. भाभींना फोन लाव."

"आधी टेस्ट करू या ना. उगाच त्यांना पॅनिक कशाला?"

"आत्ताच्या आत्ता लाव. त्या लेकराला डाक्टरकडं न्यायला पायजे."

साईनं फोन लावून दिला. वेणूबाईनं सगळं सांगितलं. नाक कालपासून चोंदलंय, आज वास गेलाय, मी काल लेकराला हात लावलाय. सांगता सांगता तिला रडू फुटलं. पलीकडून खातूनभाभी एवढंच म्हणाल्या, "बरं." आणि फोन बंद झाला.

तेवढ्यात उत्तरेश्वर वर आला. खांद्यावर टॉवेल, दम लागलेला. बायको भिंतीला टेकून रडतेय आणि मुलगा समोर एका पायात बूट घालून उभा आहे, हे बघून तो दारातच थांबला.

"आबा, आत येऊ नको," साई म्हणाला. "आईचा वास गेलाय."

उत्तरेश्वर मागं सरला. मग काय वाटलं कोण जाणे, दोन पावलं पुढं आला. "कशाचा वास येईना?" त्यानं विचारलं.

"वेखंडाचा!" वेणूबाई ओरडली. "लांब व्हा तुम्ही!"

"कुठल्या... त्या डब्यातल्या?"

"न्हाई, तुमच्या डोसक्यातल्या! लांब व्हा म्हनते ना!"

उत्तरेश्वर लांब झाला नाही. तो उंबऱ्याशी उभा राहून उघड्या डब्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान खाली घातली आणि टॉवेलाचं टोक पिळायला लागला.

"त्यात वेखंड न्हाई," तो म्हणाला.

"मग काय हाय?"

"ज्वारीचं पीठ."

साईनं हातातला बूट खाली ठेवला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मागल्या वर्षी, पहिल्या लॉकडाऊनात, उत्तरेश्वरच्या मोबाईलवर कुणीतरी निरोप पाठवला होता, की वेखंडाचा काढा प्याला की करोना जवळ येत नाही. बायकोकडे मागितलं असतं तर तिनं धंद्याच्या मालाला हात लावू दिला नसता. म्हणून ती पाण्याला गेली की हा चमचा चमचा काढायचा आणि उकळून प्यायचा. डबा रिकामा झाला तेव्हा घाबरला आणि पीठ भरून ठेवलं. कामं बंदच होती, डबा कोण उघडतंय? पुढं त्यालाच खरोखरचा आजार झाला आणि सगळं विसरून गेला.

"म्हंजी तवा वकाऱ्या काढत होता आठ दिस, ते..."

"तेच."

"आन मी तुमची दिष्ट काढली! मिरच्या जाळल्या घरात!"

"व्हय," उत्तरेश्वर म्हणाला. "लई ठसका लागला हुता."

वेणूबाईनं डब्यात बोट बुडवलं. पीठच होतं. जाड, खरखरीत, घरच्या जात्यावर दळल्यासारखं. तीस वर्षं तिनं वेखंड बोटांत धरलं होतं. बोटांनी ओळखायला काय झालं होतं? पण भीती बसली की माणसाची बोटंसुद्धा आंधळी होतात. तिचा जीव भांड्यात पडला, आणि तेच भांडं उचलून नवऱ्याच्या टाळक्यात घालावं असंही तिला त्याच क्षणी वाटलं. ती हसायला लागली, मग रडायला लागली, आणि मध्येच तिला खातूनभाभींचं ते "बरं" आठवलं आणि तिचं दोन्ही थांबलं.

तिनं फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही.

"तरी टेस्ट करूच," साई म्हणाला. "सर्दी आहेच तुला." ते खरं होतं. दवाखान्याच्या मंडपात रांगेत उभं राहून तिनं नाकात काडी घालून घेतली. डोळ्यांतून पाणी आलं. त्या रात्री ती नळाजवळच्या जिन्याखाली निजली, नवरा खिडकीशी. दुसऱ्या दिवशी दुपारी साईच्या मोबाईलवर निकाल आला. काही नव्हतं. नुसतं पडसं.

साईनं तो निकाल आमीरला पाठवला. आमीरनं बघितल्याची खूण आली, पण उत्तर आलं नाही.

*

"जाऊन ये," उत्तरेश्वर म्हणाला.

"बोलवल्याबिगर कशी जाऊ? ज्या घरातनं आत्ता मयत गेलं, त्या घराला मी पिठापायी घाबरवलं. कुठल्या तोंडानं दारात उभी राहू?"

"तू कुठं घाबरवलं? मी घाबरवलं."

वेणूबाई भांडी घासत होती. मागं काही आवाज झाला म्हणून तिनं वळून बघितलं, तर उत्तरेश्वर खुंटीवरचा सदरा काढत होता. दवाखान्यातून परत आल्यापासून त्यानं गल्ली ओलांडली नव्हती. सदरा अंगात घातला तर तो खांद्यांवरून ओघळायला लागला. त्यानं मास्क घातला, त्यावर दुसरा मास्क घातला.

"चल," तो म्हणाला. "मी सांगतो भाभींना."

"आवं, मोरीपतूर जाताना दम लागतोय तुम्हाला. आन रस्त्यावर किती गर्दी हाय ठाव हाय का? अर्ध्या लोकांचे मास्क हनुवटीला."

"चल म्हनतोय ना."

वाटेत तो पहिल्यांदा औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसला. दुसऱ्यांदा रिक्षा थांब्याच्या कठड्याला टेकला. रस्ता सगळा उघडला होता. भाजीच्या हातगाड्यांना माणसं चिकटलेली, चहाच्या टपरीशी पोरांचा घोळका, हॉर्न, धूर. उत्तरेश्वर एकेका माणसापासून अंग चोरत चालला होता. शेजारून जाणारा एक माणूस खोकला तेव्हा त्यानं पटकन भिंतीकडे तोंड फिरवलं आणि तसाच उभा राहिला.

"माघारी जाऊ या का?" वेणूबाईनं विचारलं. तिला त्याची दया आली आणि कौतुकही वाटलं. तीस वर्षांत ह्या माणसानं कधी चूक कबूल केली नव्हती, आणि आज तो ती दुसऱ्याच्या दारात जाऊन कबूल करायला निघाला होता.

त्यानं खिशातून मशीन काढलं, बोटाला लावलं, बघितलं, आणि पुन्हा खिशात टाकलं.

"किती हाय?"

"हाय चांगलं. चल."

भाभींच्या दारावरची बेल वेणूबाईनं वाजवली आणि ती मागं सरली. लाकडी दार उघडलं, जाळीचं उघडलं नाही. जाळीपलीकडे खातूनभाभी उभ्या होत्या. आत मिसबाच्या रडण्याचा आवाज येत होता, बसलेला, चिरका.

"भाभी, हिची काय चूक न्हाई," उत्तरेश्वर म्हणाला. दोन मास्कमधून त्याचा आवाज नीट फुटेना. त्यानं जरा थांबून श्वास घेतला. "डब्यात वेखंड न्हवतंच. हिला वाटलं, नाक गेलं. नाक हाय हिचं जाग्यावर."

"मग डब्यात काय होतं?"

"ज्वारीचं पीठ."

"पीठ?" भाभी म्हणाल्या. "आणि वेखंड कुठं गेलं?"

उत्तरेश्वरनं वेणूबाईकडे बघितलं. तिनं मुद्दामच दुसरीकडे बघितलं. "म्या पिलं," तो म्हणाला. "करोना हू नये म्हून."

भाभी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या तोंडातून कसलासा आवाज निघाला. वेणूबाईला वाटलं, रडल्या. पण त्या हसत होत्या. ओढणीचा बोळा तोंडात धरला तरी हसू आवरेना, खांदे गदगदा हलायला लागले. आमीर कानातल्या वायरी तशाच लोंबत ठेवून धावत आला. "अम्मी! काय झालं?"

"वेखंड प्याले," भाभी म्हणाल्या. "सगळा डबा प्याले हे!" आणि पुन्हा हसायला लागल्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "तुझ्या अब्बांनी काय केलं होतं आठवतं? दालचिनीचा अख्खा डबा संपवला. मी विचारलं तर म्हणतात, उंदरांनी खाल्ली असेल. अहो, उंदीर दालचिनी खातात होय? आणि पुढं आठवडाभर ढेकर दिला तरी दालचिनीचा वास!"

आमीर हसला. मग त्याचाही चेहरा वाकडा झाला आणि त्यानं आईच्या खांद्याला धरलं. दोघं तशीच उभी राहिली. अय्युबभाई गेल्यापासून त्यांच्याबद्दल त्या घरात कुणी हसून बोललं नव्हतं, हे वेणूबाईला न सांगता कळलं. तिचे डोळे भरून आले.

"फोन उचलला नाही म्हणून रागावू नका वेणूबाई," भाभी डोळे पुसत म्हणाल्या. "एप्रिलपासून फोन वाजला की उचलायचा धीर होत नाही. काय ऐकावं लागेल कोण जाणे. पोरीला डॉक्टरला दाखवून आणलं, बरी आहे."

"अम्मी, अजून चार दिवस थांबू या का?" आमीर हळूच म्हणाला. "म्हणजे मावशींना सर्दी आहे अजून..."

त्याचंही खरंच होतं. वेणूबाईनं मान हलवली. "थांबा तुम्ही," ती म्हणाली. "माझी काय घाई न्हाई." घाई होती. आतून रडण्याचा आवाज येत होता आणि तिचे तळहात नुसते शिवशिवत होते.

पडदा बाजूला करून सुहाना बाहेर आली. केस विस्कटलेले, कडेवर ताठलेली पोर. तिनं नवऱ्याकडे बघितलं, सासूकडे बघितलं. मग सासूला ओलांडून पुढं आली आणि तिनं जाळीच्या दाराची कडी स्वतःच काढली.

"ज्या बाईनं स्वतःहून फोन करून सांगितलं, तिच्या सर्दीची मला भीती नाही," ती म्हणाली. "मावशी, नवा मास्क देते तुम्हाला. पाणी तापतंय."

आमीरनं कपाळासमोर बंदूक धरलीच. पण धरता धरता स्वतःच हसला.

मोरीत पाट मांडला. वेणूबाईनं पाय सोडले आणि मिसबाला नडग्यांवर घेतलं. दोन दिवसांत पोर पुन्हा लाकडागत झाली होती. तेलाचा हात छातीवरून खांद्याकडे गेला, खांद्यावरून दंडाकडे. "आगं आगं आगं, कोन मारलं गं," ती म्हणाली. बाहेरचं तिला नीट ऐकू येत होतं. भाभींनी उत्तरेश्वरसाठी व्हरांड्यात खुर्ची ठेवली होती. "चहा घेणार का?" भाभी विचारत होत्या. "मास्क काढावा लागेल हो. नको वाटत असेल तर राहू द्या, आग्रह नाही."

वेणूबाईचे हात मंदावले. घरात तो साईच्या पेल्याला पेला लागू देत नव्हता. तिला वाटलं, तो आता नको म्हणेल, आणि म्हणाला तरी त्याला कोण दोष देईल? कपबशी ठेवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. पोर रडत होती, सुहाना तांब्या भरून उभी होती.

मग बाहेरून एक लांबलचक भुरका ऐकू आला. त्यामागून दुसरा.

"भाभी," उत्तरेश्वरचा आवाज आला, मोकळा, मधे कापड नसलेला, "अजून घोटभर हाय का?"

वेणूबाईचे हात जागच्या जागी थांबले.

"काय झालं मावशी?" सुहानानं विचारलं.

"काय न्हाई," वेणूबाई म्हणाली. "तू पानी घाल."